वर्गणी राहू द्या, आधी ट्रंक उघडा

काका, नमस्कार. मी चिपळूणची, वय ४६, हायस्कुलात शिकवते. घरात गाण्यांच्या अ‍ॅपचा फॅमिली प्लॅन आहे, महिना १७९ रुपये. तीन वर्षं निवडून निवडून एक यादी केली होती. गेल्या महिन्यात त्यातली अकरा गाणी एकाएकी राखाडी झाली. दाबलं तर काही होत नाही. त्या दिवशी मला फार लागलं.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. बँकेत होते, गाण्याचं वेड. त्यांच्या ११२ कॅसेट्स आणि साठेक सीडी एका ट्रंकेत माळ्यावर आहेत. २०२१च्या पुरात खालचं सगळं गेलं, ट्रंक तेवढी वाचली. ते गेल्यापासून मी ती उघडलेली नाही. काही कॅसेट्सवर बाबांच्या अक्षरात नुसती तारीख आहे, बाकी काही नाही. चौदा असतील.

आता वाटतं, अ‍ॅपची वर्गणी बंद करावी आणि आपला स्वतःचा संग्रह करावा. मिस्टर म्हणतात, यूट्यूबवरून उतरवून घे, फुकट आहे. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, आई, कुठल्या काळात राहतेस? वर्गणी या महिन्यातच बंद करू का? सुरुवात कुठून करू? हे कायद्यात बसतं का? आणि खर्च किती येईल? भाऊ डोंबिवलीला असतो, तो म्हणाला तुम्हाला लिही.

– एक वाचक, चिपळूण

ताई, नमस्कार.

चार प्रश्न विचारलेत, पण उत्तरं मी तुमच्या क्रमाने देणार नाही. वर्गणी या महिन्यात बंद केलीत काय नि दिवाळीत केलीत काय, त्याने जगातलं एकही गाणं कमी होणार नाही. ट्रंकेचं तसं नाही. तुमचं पत्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडलं. मृग लागायला तीन-चार आठवडे उरलेत. एकदा कोकणात झड लागली की माळ्यावरची हवा सप्टेंबरपर्यंत कोरडी होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुराचं पाणी ट्रंकेला लागलं नाही हे खरं, पण पाण्याखाली गेलेल्या भिंती पुढे कितीतरी महिने ओल सोडत राहतात. कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणजे गंजाच्याच जातीची, बारीक पूड एका लेपात बसवलेली असते. गाणं त्या पुडीत असतं. दमट हवेत त्या लेपावर बुरशी धरते. म्हणून मृगाच्या आत ट्रंक खाली काढा.

कोरडा दिवस बघा, दुपारची वेळ, आणि घरात कोणीतरी सोबत असू द्या. एकटीने उघडू नका. आधी बाबांच्या कपाटाचा वास येईल, मग अक्षर दिसेल, आणि तो दिवस तेवढ्यातच जाईल. जाऊ दे. त्या दिवशी एकही कॅसेट वाजवू नका. नुसत्या बाहेर काढून सतरंजीवर मांडा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग बाजारातून घेतलेल्या, छापील कव्हरच्या कॅसेट्सचा. त्या कितीही आवडत्या असल्या तरी त्यांच्या हजारो जुळ्या बहिणी महाराष्ट्रभर पडल्या आहेत. दुसरा ढीग रेडिओवरून भरलेल्यांचा. त्यातलं काही आकाशवाणीकडे असेल, काही दुसऱ्या एखाद्या श्रोत्याकडे, काही कुठेच नसेल. तिसरा ढीग त्या चौदांचा. नुसती तारीख लिहिणाऱ्याला आत काय आहे ते लिहायची गरज वाटली नाही, कारण ते त्याला पाठ होतं. वाडीतलं गणपतीचं भजन असेल, बँकेच्या स्नेहसंमेलनातलं कोणाचं गाणं असेल, तुमच्या आजीचा आवाज असेल, कदाचित सहा वर्षांच्या तुम्ही असाल. या चौदांची दुसरी प्रत कुठेही नाही. तुमचा संग्रह इथून सुरू होतो.

आता फीत नीट बघा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशा कॅसेट्स वेगळ्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन आठवडे ठेवा. वाळवणासारख्या उन्हात घालू नका, कवच वाकतं. हेअर ड्रायर तर मुळीच नको. हाताळताना तोंडाला मास्क लावा. बुरशी आलेली कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे टेप वाजवायच्या यंत्रात, घातली तर फीत वाचणाऱ्या हेडला लागलेली घाण पुढच्या कॅसेटलाही लागते, म्हणून त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. मात्र त्या चौदांपैकीच एखादीला बुरशी असेल, तर घरी प्रयोग करू नका. पुण्या-मुंबईत जुन्या फिती उतरवून देणारे जाणकार आहेत. स्वतः जाऊन त्यांच्या हातात द्या, कुरियरने पाठवू नका.

कधी कधी आवाज अगदी दबका येतो आणि माणूस समजतो, रेकॉर्डिंग गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. फितीच्या मागे पातळ पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा एक इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. त्याचं काम फीत हेडवर दाबून धरायचं. त्याचा गोंद वाळतो, तुकडा पडतो आणि फीत हेडला नीट लागत नाही. स्क्रूने उघडणारी एखादी कोरी कॅसेट घेऊन त्या कवचात फीत बदलून बसवता येते. पूर्वी प्रत्येक गावातल्या टेप दुरुस्त करणाऱ्याला हे येत होतं, आजही एखादा सापडतो. त्याला शोधाच, कारण तुम्हाला तो डेकसाठीही लागणार आहे.

बाबांचा डेक शिल्लक आहे की पुरात गेला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर दुरुस्त करून घ्या. आतले रबरी पट्टे ताणून सैल झालेले असतात, ते बदलावे लागतात. नसेल तर नातेवाइकांत विचारा, कोणाच्या तरी माळ्यावर एक असतोच. यूएसबीला जोडायचे प्लॅस्टिकचे स्वस्त कॅसेट प्लेअर ऑनलाइन मिळतात, ते घेऊ नका. त्यांची गती डळमळते. सिनेमाच्या गाण्यात ते खपून जाईल, पण मागे तानपुरा असेल तर सरळ लागलेला सूर थरथरताना ऐकू येतो, आणि एकदा तसा उतरवला की तो तसाच राहतो. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, दर चार-पाच कॅसेट्सनंतर पुन्हा. रबरी रोलरला नुसतं ओलसर फडकं पुरे. कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे नेऊन पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत त्याने मोकळी होते.

डेकच्या मागे लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर देणारं भोक असतं, तिथून तार संगणकाकडे. लॅपटॉपच्या भोकात ती थेट खुपसू नका. ते माइकचं असतं आणि त्यातून आवाज फाटका, एकाच बाजूचा येतो. लाइन इन, म्हणजे तसाच आवाज आत घेणारं भोक असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड मध्ये लावा. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम उत्तम आहे. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट निवडा, आणि एक पूर्ण बाजू अखंड भरा. साठवताना फाइलचा प्रकार फ्लॅक निवडा. एमपी३ करताना आवाजाचा काही भाग कायमचा काढून टाकला जातो. फ्लॅकमध्ये फाइल साधारण निम्मी होते, पण आतलं काहीही जात नाही. फितीची खरखर काढायचा मोह होईल. काढा, पण प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि उतरवून झाली तरी कॅसेट फेकायची नाही.

हे इतकं पोटतिडकीने लिहितोय, त्याला कारण आहे. माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी १९९१ साली एका सी-६० कॅसेटवर भरल्या होत्या. पहाटे, तिच्याच ओसरीवर, जात्याच्या घरघरीसकट. २००४ मध्ये एका दुकानातून त्यांची सीडी करून घेतली आणि आता सीडी झाली म्हणून कॅसेट तिथेच सोडून आलो. दुकानात किंवा घरी लिहिलेल्या सीडीत कारखान्यातल्यासारखे खड्डे उमटवलेले नसतात, रंगाचा एक थर लेसरने भाजलेला असतो. उजेडाने, उष्णतेने, दमट हवेने तो रंग उतरतो. २०१३ साली ती सीडी लावली तेव्हा यंत्राने ती ओळखलीच नाही. तीन यंत्रं बदलून पाहिली. मावशी २००८ सालीच गेली होती. त्या चाळीसेक ओव्यांपैकी मला आज तीन आठवतात, त्यातली एक अर्धी. म्हणून सांगतो, तुमच्या ट्रंकेतल्या सीडींपैकी मार्करने हाताने नावं लिहिलेल्या ज्या असतील, त्या चौदा कॅसेट्सच्या बरोबरीने आधी उतरवा. छापील सीडींना घाई नाही. त्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या मोफत प्रोग्रॅमने दहा-पंधरा मिनिटांत एक अशा सहज निघतात. नावं इंटरनेटवरून आपोआप येतात, मराठी सीडींची बऱ्याचदा चुकीची येतात, तेवढी सुधारून घ्या.

कॅसेट मात्र जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ घेते, त्यात घाई चालत नाही. शाळा, घर सांभाळून आठवड्याला दोन होतील असं धरा. ११२ कॅसेट्स म्हणजे ५६ आठवडे. हा आकडा आपल्याला ओळखीचा आहे. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांनी दर आठवड्याला नवं गीत लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावायची, असं वर्षभर. ठरवली होती ५२, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. एवढं काम दोन माणसांनी एकेका आठवड्याच्या हप्त्याने पार पाडलं, तर आपण नुसती फीत लावून बसायला हरकत नाही. आणि विषय निघालाच आहे तर दुसऱ्या ढिगात नीट शोधा. आकाशवाणीवर तेव्हा ही गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. घरोघरी गेल्या त्या तबकड्या आणि कॅसेट्स मात्र पुढच्या, बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या. बाबांनी पुनःप्रसारणातून काही भरून ठेवलं असेल, तर ते कुठल्या आवाजात आहे हे लगेच वहीत लिहा.

वही हवीच. अ‍ॅपवर मराठी गाण्याखाली गायकाचं नाव असतं, कवीचं नसतं, संगीतकाराचं असलं तर नशीब, आणि साल बहुधा गाणं अ‍ॅपवर चढवलं त्या वर्षाचं. रागसंगीताची दशा आणखी वाईट. साथीला तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे कुठेच नसतं, आणि विलंबित एकीकडे, द्रुत भलतीकडे. तुमच्या संग्रहात हे होऊ देऊ नका. प्रत्येक बाजूसाठी कोण, काय, राग-ताल, साथ, कुठे, कधी, कोणी भरलं, एवढं लिहा. फाइलचं नाव रोमन लिपीत आणि तारखेने सुरू होणारं ठेवा, कारण गाडीतल्या बऱ्याच प्लेअरना देवनागरी वाचता येत नाही, चौकोन दिसतात. आतली माहिती मात्र देवनागरीत भरा. त्यासाठी एमपी३टॅग नावाचा प्रोग्रॅम आहे, तो फ्लॅकलाही चालतो. चौदा कॅसेट्समधले आवाज ओळखायला बाबांच्या बँकेतले मित्र, भजनी मंडळातले जुने लोक यांच्याकडे जा. फोनवर फाइल पाठवून भागवू नका. जाऊन बसा, सोबत ऐका, ते बोलतील तेही भरून घ्या. ही माणसं पंच्याहत्तरी-ऐंशीची असणार. म्हणून हे कामही बुरशीइतकंच तातडीचं आहे.

आता वर्गणी. महिना १७९ रुपये तुम्ही ऐकण्याच्या परवानगीचे देता, गाण्याचे नाही. अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं तुमच्या फोनवर असलं तरी कुलपात असतं. स्पॉटिफायवर ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर ते वाजत नाही. आणि तुम्हाला परवानगी देणाऱ्याकडेही परवानगीच असते. स्पॉटिफाय भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आलं. एप्रिलमध्ये सारेगामा न्यायालयात गेली आणि तिची लाखाहून जास्त गाणी तिथून उतरली. जुन्या एचएमव्हीचा सगळा खजिना या कंपनीकडे आहे, म्हणजे आपल्या भावगीतांचा आणि नाट्यपदांचा केवढा मोठा भाग गेला बघा. करार झाला मे २०२० मध्ये. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी तशीच गेली आणि काही महिन्यांनी परतली. रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप तर जानेवारी २०२४च्या अखेरीस भारतातून बंदच झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आपलं गाण्यांचं अ‍ॅप विंक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तुमची अकरा गाणीही कदाचित परत येतील. पण ती येतील की नाही हे तुमच्या हातात नाही, आणि तुम्हाला जे लागलं ते तेच. त्यात वेडेपणा काही नाही. वर्षानुवर्षं घरच्यासारखं वाजलेलं गाणं कोणी न सांगता काढून नेलं, तर कोणालाही लागेल.

तरी वर्गणी आज बंद करू नका. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागल्यासारखं होईल. तिचा उपयोग करून घ्या. पुढचे तीन महिने तुम्ही खरोखर काय ऐकता ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. अ‍ॅपवर दहा कोटींवर गाणी असतील, पण तुमच्या तीन महिन्यांत दोनशेच्या वर वेगळी निघणार नाहीत असा माझा अंदाज आहे. ही दोनशेची यादी म्हणजे तुम्हाला काय मिळवायचं आहे त्याचा नकाशा. त्यातली पन्नास-साठ तर बाबांच्या ट्रंकेतच सापडतील. उरलेली सावकाश जमवा, महिन्याला एक अल्बम या गतीने. ज्या महिन्यात स्वतःच्या ऐकण्यासाठी तुम्ही अ‍ॅप एकदाही उघडलं नसेल, त्या महिन्यात तुमचा हिस्सा थांबवा.

मुलाचा थांबवू नका. सोळाव्या वर्षी जगातलं सगळं ऐकून बघायचं असतं, आणि त्यासाठी अ‍ॅपसारखी सोय पूर्वी कधी नव्हती. तुमच्या बाबांनी रेडिओच्या सुईशी हेच केलं असेल. कुठल्या काळात राहतेस या त्याच्या प्रश्नावर वाद घालू नका. त्याला साउंड कार्ड जोडायला सांगा. ऑडॅसिटीतल्या लहरी तो तुमच्याआधी वाचायला शिकेल. चौदांपैकी पहिली कॅसेट लावाल तेव्हा तो खोलीत असू द्या, एवढंच.

मिस्टरांचा यूट्यूबचा मार्ग घेऊ नका. पहिलं कारण साधं आहे. ते त्या संकेतस्थळाच्या नियमांत बसत नाही आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हाती त्यातून काही पडत नाही. दुसरं कारण कानाचं. तिथला आवाज आधीच दाबून लहान केलेला असतो. तो पुन्हा एमपी३ केला की आणखी पातळ होतो, आणि मूळ रेकॉर्डिंग कुठलं हेही कळत नाही. नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर ढोल-ठेके चढवलेल्या झंकार बीट्सच्या कॅसेट्स निघाल्या होत्या. त्याही तिथे मूळ गाण्याच्या नावाने पडलेल्या असतात. बस स्टँडजवळ मिळणाऱ्या, हजारो गाणी भरलेल्या पेनड्राइव्हचं तेच.

कायद्याची भीती बाळगू नका. स्वतःच्या मालकीच्या कॅसेट-सीडी स्वतःच्या ऐकण्यासाठी उतरवून घेणं आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली, खासगी वापर म्हणून बसतं. त्या प्रती वाटणं, विकणं, इंटरनेटवर चढवणं बसत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, पण त्यातल्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवीच्या, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत. तेव्हा रेकॉर्ड जुनी आहे म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही. भजनी मंडळाची तुमची कॅसेट घरात खुशाल ऐका, पण जगाला ऐकवायची झाली तर गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारा. कायद्याने गायकालाही ५० वर्षांचा हक्क आहे, आणि कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं.

नवी खरेदी कुठून? मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. तेव्हापासून मुंबईत सीडी घ्यायला जाताना पाय कुठे वळवायचे, हे मला अजून समजलेलं नाही. पण पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, आणि मुंबईच्या चोर बाजारात, चांगल्या अवस्थेतल्या सीडी आणि तबकड्या मिळतात. सीडी उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा, आतली पुस्तिका आहे का ते बघा. पुस्तिकेत साथीदारांची नावं असतात. आजच्या कलाकारांसाठी बँडकॅम्प हे संकेतस्थळ बघा. तिथे अल्बम विकत घेतला की फ्लॅक फाइल तुमच्या संगणकावर येते, कुलूप नसतं. डिजिटल विक्रीत ते साधारण १५ टक्के कापून घेतात, बाकीचा मोठा भाग कलाकाराला जातो. मैफलीला गेलात तर मंडपाबाहेरच्या टेबलावरून घ्या, किंवा सरळ कलाकाराला विचारा. अनेकांनी स्वतःची रेकॉर्डिंग्ज स्वतःच काढलेली असतात आणि कोणी विचारलं की त्यांना मनापासून आनंद होतो. कारवाँसारखा तयार गाण्यांचा रेडिओ घेऊ का, असं बरेच जण विचारतात. आईसाठी घ्या, छान आहे. पण त्यातली निवड दुसऱ्याची असते, म्हणून तो तुमचा संग्रह होत नाही.

साठवणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चिपळूणकरांना हे सांगितल्याशिवाय पत्र संपवणार नाही. सगळ्या कॅसेट्स दीड तासाच्या धरल्या तरी फ्लॅकमध्ये मिळून ९० जीबीपेक्षा कमी भरतील, आणि साठ सीडींचे वीसेक. म्हणजे बाबांची अख्खी ट्रंक तळहातावरच्या एका हार्ड डिस्कवर मावते. पण एकाच डिस्कवर ठेवलीत तर तुम्ही माझ्या सीडीचीच चूक कराल. तीन प्रती हव्यात. एक संगणकावर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर. तुमचा भाऊ डोंबिवलीत आहे, तिसरी डिस्क त्याच्याकडे, वाशिष्ठीचं पाणी पोचणार नाही अशा मजल्यावर. दर गणपतीला तो घरी येईल तेव्हा डिस्क घेऊन येऊ दे. जोडा, वाजते का बघा, नवं भरा, परत पाठवा.

खर्च. डेकची दुरुस्ती, साउंड कार्ड, तारा, लॅपटॉपला नसेल तर बाहेरचा सीडी ड्राइव्ह आणि दोन डिस्का मिळून पंधरा-सोळा हजार धरा. तुमची वर्गणी वर्षाला २,१४८ रुपये होते, म्हणजे हा सात वर्षांच्या वर्गणीएवढा खर्च झाला. वर नव्या अल्बमचे पैसे वेगळे. पैसे वाचावेत म्हणून करणार असाल तर करू नका, वाचणार नाहीत. डिस्का एकदम घेऊ नका, पहिली आता आणि दुसरी दिवाळीत घेतली तरी चालेल. फक्त चौदा कॅसेट्स उतरल्या की त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून भावाकडे लगेच जाऊ द्या.

आणि त्या चौदा भरताना एक करा. गाणं संपलं, पुढे नुसती खरखर यायला लागली, म्हणून थांबवू नका. दोन्ही बाजू फीत संपून बटण आपोआप उडेपर्यंत चालू द्या. घरी टेप लावून भरणारी माणसं गाणं संपल्याबरोबर उठत नसत. टाळ्या वाजायच्या, कोणीतरी पाणी मागायचं, चहाचं विचारायचं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात यायचं की टेप अजून चालूच आहे. ते लक्षात आलेला आणि बटण दाबायला पुढे झुकलेला माणूस बहुतेक वेळा टेपचा मालकच असायचा, आणि माइकच्या सगळ्यात जवळ तेव्हा तोच असायचा. बाबा काय म्हणाले असतील ते तिथे असेल. मला ऑगस्टपर्यंत कळवा.